आमोण्याच्या काट्यावर

फ्लॉपी आत ढकलली. खर्र, खर्र, आणि गप्प.
काळ्या पडद्यावर पांढरी ओळ : ड्राइव्ह ए तयार नाही.
अबॉर्ट, रिट्राय, फेल?
मी आर दाबला. पुन्हा आर.
मागे रोहिदास मळीक उभे,
पेल्यात चहा, चहावर साय, सायीवर लाल धूळ.
"जातलें मगो, बाय?"
"होईल," म्हटलं. मला ठाऊक नव्हतं.

इथं सगळंच लाल :
स्पेसबार, कॅलेंडरवरची शांतादुर्गा, मळीकांच्या भुवया.
बाहेर सत्तावीस ट्रक इंजिनं चालू ठेवून,
धक्क्याला बार्ज रिकामी,
ओहोटी लागायच्या आत भरायची.
शंकेची पाल मनात चुकचुकते म्हणतात.
ही कालपासून डब्यातच चुकचुकत होती,
जुन्या डिस्कमध्ये, जिथं सहा वर्षांची वजनं आहेत :
भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक
बरोबर डोंगर.

दुसरी फ्लॉपी बूट झाली,
पण प्रोग्राम उघडताच म्हणाली मेमरी कमी.
एक ओळ मीच खोडली होती
गेल्या चवथीला, डिचोलीच्या दवाखान्यात, घाईघाईत.
ती आठवून पुन्हा लिहिली. सेव्ह होईना.
शेवटी ड्राइव्हच उघडला. हेडवर विटकरी थर.
स्पिरिट हवं होतं. बार्जवरच्या मिंगेलनं फेणी सुचवली.
मळीक म्हणाले, "मशीन पियेल्यार वजन चुकतलें."
मग प्रथमोपचाराच्या पेटीतली बाटली, कानातला कापूस.

पुसता पुसता फ्लॉपीचं पत्र्याचं दार सरकवून पाहिलं.
आत तपकिरी चकती. तोही गंजच,
लोखंडाचा, पीठ करून फासलेला,
अक्षरं धरून ठेवतो म्हणून.
बाहेर तोच टनावारी, ताडपत्रीखाली.
मळीकांना दाखवावंसं वाटलं,
पण ते ट्रकवाल्यांशी भांडत होते.

नवी डिस्क दिसेचना.
चाळीस गिगाबाईट, आणि ह्या जुन्या बायॉसला
बत्तीसच्या पुढे मोजता येत नाही.
चिमट्यानं जंपर हलवला,
तिला आपलं माप कमी सांगायला लावलं.
ही युक्ती मला कुणी शिकवावी लागली नाही.

मग प्रोग्रामनं विचारलं ते एवढंच : कुठून? कुठे?
बाण वर, बाण खाली, माउस नाही.
उलट निवडलं तर
रिकामेपण भरलेल्यावर ओतलं जातं, अचूक, शेवटच्या थेंबापर्यंत.
वाळपईच्या एका शाळेत मी ते केलं आहे.
हेडमास्तर ओरडले नाहीत.
कपाटातून रजिस्टर काढून
गुण पुन्हा टाइप करायला बसले, एका बोटानं,
आणि मला म्हणाले, पंखा लावू का.
तेव्हापासून एंटर दाबण्याआधी
मी दोन्ही डिस्कचे आकडे मोठ्यानं वाचते.

चार टक्के. अठरा. एकतीस.
एकतीस.
एकतीस.
टकटक वाढली. वाचता येत नाही, म्हणाला.
एक उपाय असतो : न वाचलेलं सोडून पुढे जा.
"म्हणजे काही ट्रक जातील," मी म्हटलं. "कुठले, ते कळणार नाही."
मळीकांनी खिडकीबाहेर पाहिलं,
डोंगर होता त्या बाजूला.
"सोड," म्हणाले. "फुडें वच."

पावणेदोन तास. शंभर.
केबल बदलली, फ्लॉपी काढली, श्वास धरला,
आणि निळ्या पडद्यावर वजनाचा प्रोग्राम उघडला,
जणू कुणी त्याला उचलून ठेवलंच नव्हतं.
पहिला ट्रक चढला. आकडे हेलकावले, स्थिरावले.

जाताना मळीकांनी जुनी डिस्क मागून घेतली.
ट्रक उतरल्यावर काट्यावर गेले,
मधोमध ठेवली, बाजूला सरले
आणि तिथूनच ओरडून विचारलं, किती?
काटा दहा किलोच्या खाली मोजत नाही.
मी आकडा सांगितला नाही.
मागच्या ट्रकनं हॉर्न दिला,
ते वाकले, उचलताना शर्टाला पुसली.